मशीनला इंटरनेट जोडायचं ठरवण्याआधी

फाउंड्री आणि मशीनशॉप चालवणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तुमच्या शॉपमधलं रात्रपाळीचं रजिस्टर उघडून बघा. ‘टूल चेंज १० मिनिटं’, ‘लाईट गेली ३० मिनिटं’, ‘क्रेनची वाट २० मिनिटं’. ७ मिनिटं किंवा १३ मिनिटं अशी नोंद तिथे क्वचितच सापडेल. लिहिणारा खोटं लिहीत नसतो. पाळी संपताना हात पुसून, आठवून, अंदाजानं तो आकडा टाकतो. त्याच अंदाजावर पुढे तुम्ही जॉबचा दर काढता, पार्टीला तारीख देता आणि नवीन मशीनसाठी बँकेकडे जाता. आमचं काम या अंदाजाच्या जागी मोजलेला आकडा ठेवण्याचं आहे. ‘औद्योगिक इंटरनेट’ हे नाव मोठं वाटतं, पण तुमच्या शेडमध्ये त्याचा अर्थ एवढाच.

हे नाव रूढ केलं अमेरिकेच्या जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीनं, २०१२ मध्ये. विमानाची इंजिनं आणि वीजनिर्मितीची टर्बाइन्स स्वतःची अवस्था स्वतः कळवतील, अशी ती कल्पना होती. त्याच्या वर्षभर आधी, २०११ च्या हॅनोव्हर प्रदर्शनात जर्मनांनी ‘इंडस्ट्री ४.०’, म्हणजे जोडलेल्या मशीनांची चौथी औद्योगिक क्रांती, मांडलं होतं. जीईनं फेब्रुवारी २०१५ मध्ये चाकणला कारखाना उघडला. विमान, तेल, रेल्वे, वीज अशा वेगवेगळ्या धंद्यांचे भाग एकाच छपराखाली आणि सगळी मशीनं जोडलेली, असा तो प्रकल्प होता. चाकणपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरचं अंतर गाडीनं काही तासांचंच आहे. पण १५ वर्षांपूर्वीचा व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन), त्याहून जुना लेथ आणि भट्टीच्या पॅनेलवर धुळीनं झाकलेला मीटर असलेल्या शेडमध्ये तोच नमुना उचलून ठेवता येत नाही. मशीनचे आकडे गोळा करणाऱ्या ‘प्रेडिक्स’ नावाच्या आपल्या प्लॅटफॉर्मबाबत स्वतः जीईलाही २०१८ पर्यंत हात आखडता घ्यावा लागला. म्हणून आम्ही कोणालाही पहिल्या दिवशी पूर्ण कारखाना जोडायला सांगत नाही.

जुनी मशीनं चालतात का?

पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर: बहुतेक वेळा चालतात. मशीन चालू आहे की बंद, हे कळायला त्याच्या कंट्रोलरशी, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाशी, बोलायचीही गरज नसते. मोटरच्या तारेभोवती करंट मोजणारी कडी अडकवली की पुरतं. स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) फिरतोय, कापतोय की नुसताच थांबलाय, हे करंटच्या चढउतारावरून बऱ्यापैकी ओळखता येतं. तापमान, दाब, कंपन यांचे सेन्सर सहसा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल देतात. तो शून्यापासून सुरू न करता ४ पासून करण्यामागे जुन्या माणसांची हुशारी आहे. तार तुटली तर आकडा शून्यावर येतो आणि ‘दाब कमी झाला’ व ‘तार तुटली’ यांतला फरक लगेच कळतो.

तुमच्या पॅनेलवरचा डिजिटल एनर्जी मीटर बहुधा मॉडबस बोलतो. ही भाषा १९७९ ची आहे. तिला पिळाच्या दोन तारा लागतात आणि नीट ओढल्या तर त्या १,२०० मीटरपर्यंत जातात. म्हणजे आकडे देणारं यंत्र तुमच्याकडे आधीच बसलेलं असतं, फक्त ते कोणी वाचत नाही. आम्ही तिथे एक छोटी पेटी, गेटवे, बसवतो. ती आकडे गोळा करते, नेट गेलं तर स्वतःजवळ साठवते आणि नेट आलं की पुढे पाठवते. पाठवण्याची पद्धत, एमक्यूटीटी, १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवर महागड्या उपग्रह जोडणीतून थोडक्यात निरोप धाडण्यासाठी तयार झाली होती. एमआयडीसीतल्या लहरी नेटवर्कला ती म्हणूनच मानवते.

अडचण येते ती कंट्रोलरच्या आतली माहिती हवी असेल तेव्हा: कोणता प्रोग्रॅम चालू आहे, कोणता अलार्म आला, टूलवर किती भार आहे. काही कंट्रोलरमध्ये हा दरवाजा पैसे भरून उघडावा लागतो, काहींमध्ये तो नसतोच. ऑर्डरआधी आम्ही मशीनच्या पाटीचा फोटो मागतो तो यासाठी.

पैसा कुठे वाचतो

फाउंड्रीत पहिलं बोट भट्टीकडे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळायला व्यवहारात साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. हा शंभर युनिटांचा फरक धातूमुळे कमी आणि सवयींमुळे जास्त पडतो. झाकण उघडं राहिलं, भंगारावर वाळू-गंज तसाच होता, लॅडल (ओतायचं भांडं) थंड होती, मोल्ड (साचे) तयार नव्हते म्हणून वितळलेला माल भट्टीत धरून ठेवावा लागला. शेवटचं कारण सगळ्यात महाग, आणि गंमत म्हणजे ते भट्टीवाल्याच्या हातातच नसतं. ते मोल्डिंगकडचं असतं. प्रत्येक हीटची (भट्टीच्या एका खेपेची) युनिटं आणि वेळ एकाच कागदावर दिसू लागली की ही भानगड दोन आठवड्यांत उघड होते. टनामागे ३० युनिट वाचली आणि महिन्याला २०० टन ओतकाम असेल, तर ६,००० युनिट झाली. तुमचा दर टाकून रक्कम स्वतःच काढा.

विजेचं बिल हाही असाच न वाचलेला कागद. उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून महावितरणचं बिल केव्हीएएचमध्ये, म्हणजे कामी आलेल्या विजेऐवजी खेचलेल्या एकूण विजेवर, येतं. पॉवर फॅक्टर (खेचलेल्या विजेतला कामी येणारा हिस्सा) बिघडला की फटका थेट युनिटांतच बसतो, वेगळ्या ओळीत दिसत नाही. तो सांभाळणाऱ्या कपॅसिटर बँकेतला एखादा कपॅसिटर गेला तर महिनाअखेरपर्यंत कोणाला पत्ता नसतो. डिमांडचंही, म्हणजे एका वेळी खेचलेल्या कमाल भाराचंही, तसंच. भट्टी, शॉट ब्लास्ट (ओतलेला माल साफ करणारं मशीन) आणि कॉम्प्रेसर एकाच वेळी पूर्ण भारावर आले की काही मिनिटांची ती उडी संपूर्ण महिन्याच्या बिलावर बसते. उडी यायच्या आधी सुपरवायझरच्या फोनवर सूचना गेली, तर तो शॉट ब्लास्ट थोडा उशिरा सुरू करू शकतो. तेवढंच काम.

कॉम्प्रेसरबद्दल मात्र आम्ही आग्रहानं सांगतो. दाबलेली हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग वस्तू आणि सगळ्यात निष्काळजीपणे वापरली जाणारी. निगा नसलेल्या लाइनमध्ये २० ते ३० टक्के हवा गळतीत जाणं नवलाचं नाही. रविवारी कारखाना बंद असताना कॉम्प्रेसर किती वेळा भार घेतो, एवढं एक मोजा. शॉपमध्ये कोणीच नसताना तो हवा कोणासाठी बनवतोय? बरेचदा याच एका मोजमापातून पेटीची किंमत वसूल होते. मग बाकी काही जोडलं नाही तरी आमची तक्रार नाही.

मशीनशॉपमध्ये हिशेब वेगळा. आठ तासांची पाळी म्हणजे ४८० मिनिटं. मशीन ३६० मिनिटं चाललं, म्हणजे ७५ टक्के. सायकल ४ मिनिटांची धरली तर ९० जॉब निघायला हवेत, निघाले ७२, म्हणजे ८० टक्के. त्यातले ३ रिजेक्ट, चांगले ६९, म्हणजे जवळपास ९६ टक्के. तिन्हींचा गुणाकार साडेसत्तावन्न टक्के. यालाच ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता, म्हणतात. जपानच्या सेइइची नाकाजिमा यांनी हे मोजमाप रूढ केलं. ८५ टक्के म्हणजे उत्तम, असा आकडा सगळीकडे सांगितला जातो. पण रोज चार वेगवेगळे जॉब लावणाऱ्या शॉपनं त्या आकड्यामागे धावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. सेटिंगमध्येच वेळ जाणार, तो जायलाच हवा. तुमची तुलना तुमच्याच मागच्या महिन्याशी करा.

आमची एक चूक

सुरुवातीच्या काळात एका शॉपमध्ये आम्ही भिंतीवर मोठा टीव्ही लावला. प्रत्येक मशीनसमोर ऑपरेटरचं नाव आणि किती मिनिटं मशीन बंद होतं तो आकडा, लाल रंगात. मालकांना आवडलं, आम्हालाही अभिमान वाटला. आठवड्याभरात सगळे आकडे हिरवे झाले. उत्पादन मात्र होतं तेवढंच. ऑपरेटर स्पिंडल रिकामाच फिरवत होते. जॉब नाही, टूल हवेत. सेन्सरच्या दृष्टीनं मशीन चालू!

दोष त्यांचा नव्हता. मशीन थांबण्याची कारणं आम्ही नंतर त्यांच्याजवळ बसून विचारली, तेव्हा निघालं की निम्म्याहून अधिक वेळ ते इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक), ड्रॉइंग किंवा क्वालिटीच्या माणसाची वाट बघत उभे असायचे. ज्याच्या हातात थांबणं थांबवायचं नाही, त्याचंच नाव आम्ही भिंतीवर टांगलं होतं. तो टीव्ही आम्ही स्वतः उतरवला. तेव्हापासून आमच्या स्क्रीनवर माणसाचं नाव येत नाही, मशीनचा नंबर येतो. मशीनजवळ चार-पाच बटणं असतात: टूल नाही, माल नाही, क्वालिटी, मेंटेनन्स, जेवण. ऑपरेटर कारणाचं बटण दाबतो आणि सूचना ज्याचं काम आहे त्याच्याकडे जाते. भट्टीवरच्या मामांना विचारल्याशिवाय भट्टीचा सेन्सरही आम्ही बसवत नाही. ज्वाळेच्या रंगावरून तापमान सांगणाऱ्या माणसाला डावलून घेतलेला आकडा फार दिवस टिकत नाही.

डेटा कोणाचा?

या प्रश्नावर आम्ही हट्टी आहोत. मोठी वाहन कंपनी किंवा तिचा पहिल्या फळीतला पुरवठादार तुम्हाला म्हणू शकतो: तुमची मशीनं आमच्या सिस्टिमला जोडा, ऑर्डर कुठवर आली ते आम्हाला दिसू द्या. मागणी चुकीची नाही. जॉब कुठल्या टप्प्यावर आहे, किती तयार आहेत, तपासणीचे आकडे काय, हे द्यायला हरकत नसावी. पण खरा सायकल टाइम आणि मशीन किती रिकामं असतं, हे समोरच्याच्या स्क्रीनवर गेलं की पुढच्या वर्षीच्या दराच्या बैठकीत तो तोच आकडा घेऊन बसतो. तुम्ही सुधारणा केलीत, सायकल ४ मिनिटांवरून साडेतीनवर आणलीत, तर ती बचत कोणाची? करारात लिहिलेलं नसेल तर बहुधा तुमची राहत नाही.

देशाच्या उद्योगासमोरचं आव्हान आम्हाला इथेच दिसतं. सेन्सर-गेटवे विकत मिळतात. पण देशाच्या कारखानदारी उत्पादनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग लहान-मध्यम उद्योगांतून येतो, आणि त्यांचे आकडे वरच्या मोठ्या खरेदीदाराकडे किंवा परदेशी क्लाउडवर साचले, तर मशीन आपलं, वीज आपली, घाम आपला आणि शहाणपण दुसऱ्याच्या ताब्यात, अशी गत होईल. आमच्याकडचा डेटा तुमचा आहे. काम थांबवलंत तर सगळा डेटा साध्या फाइलमध्ये तुम्हाला परत मिळतो, हे आम्ही करारात लिहून देतो. आमच्याऐवजी दुसऱ्या कोणाकडून काम करून घेत असाल तरी ही ओळ मागा.

कुलूप लावल्याशिवाय दार उघडू नका

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुरू झाला. तो मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोचला आणि मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका खासगी टर्मिनलचं काम अडलं. उरणच्या बाहेर ट्रक थांबले, दोष मात्र हजारो किलोमीटरवरच्या एका संगणकाचा होता. ज्या फटीतून तो पसरला, तिच्यावरचा इलाज मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये देऊन ठेवला होता.

आपल्याकडे कंट्रोल रूमचा संगणक अजून विंडोज ७ वर असतो, ज्याचं संरक्षण १४ जानेवारी २०२० ला संपलं. त्याच संगणकाला पेनड्राइव्ह लागतो आणि त्यावरच टॅली चालतं. म्हणून आमची अट अशी: मशीनचं नेटवर्क ऑफिसच्या वाय-फायपासून वेगळं. आमची पेटी फक्त आकडे बाहेर पाठवेल, बाहेरून मशीनला हुकूम देण्याची वाट ठेवणार नाही. फोनवरून भट्टी बंद करण्याची सोय काही जण मागतात, ती आम्ही देत नाही. वितळलेलं लोखंड समोर नसताना कोणी बटण दाबू नये. हल्ला झालाच, तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार तिला सहा तासांत कळवावं लागतं, हेही माहीत असू द्या.

मदत कुठे आहे

केंद्राच्या ‘समर्थ उद्योग’ योजनेखालचं पुण्यातलं सीफोरआयफोर केंद्र या विषयावर मार्गदर्शन करतं. झेड (दर्जा आणि पर्यावरणाची काळजी तपासणाऱ्या सरकारी) प्रमाणपत्राच्या शुल्कात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के सूट आहे. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. युरोपला माल जात असेल तर कार्बन सीमा करासाठी (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावरचा तिथला कर) लागणाऱ्या नोंदी आत्तापासून ठेवा. लोखंड-पोलादाच्या अनेक वस्तूंना तो लागू आहे. तुमची वस्तू त्यात बसते का, हे एचएस कोड (मालाचा सीमाशुल्क वर्गीकरण क्रमांक) बघून ठरतं.

आम्ही बघायला येऊ तेव्हा

मागच्या १२ महिन्यांची वीजबिलं काढून ठेवा. पॅनेलची किल्ली आणि इलेक्ट्रिशियन दोघंही हजर असू द्यात. एकच प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर तुम्हाला सगळ्यात जास्त हवं आहे: भट्टीला जास्त वीज का लागते, किंवा तीन नंबरचं मशीन रात्री का थांबतं. आम्ही त्या एकाच मशीनवर पेटी लावू, ३० दिवस आकडे घेऊ, आणि ते तुमच्या फोरमनसमोर मांडू. त्या बैठकीला ऑपरेटरलाही बसवा, चहा घेऊन, खुर्ची देऊन. दुसरी पेटी घ्यायची की नाही, हे त्यानंतर ठरवा.