यूट्यूब आयडीचं अकरावं अक्षर

लिंकमधला शेवटचा स्लॅश शोधायचा आणि त्यापुढचं सगळं व्हिडिओचा आयडी, म्हणजे त्याची स्वतंत्र ओळख म्हणून उचलायचं, हा समज पक्का रुजलेला आहे. यूट्यूबवर तो लगेच तुटतो. नेहमीच्या लिंकमध्ये आयडी ‘व्ही=’ नंतर येतो, छोट्या लिंकमध्ये डोमेनच्या (साइटच्या नावाच्या) पुढच्या स्लॅशनंतर लगेच, शॉर्ट्समध्ये ‘शॉर्ट्स/’ नंतर; वर ‘टी=९०’सारखं (९० व्या सेकंदापासून सुरू करा) शेपूट असू शकतं.

रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुराला लावायचा साचा: यांपैकी एक खूण, तिच्यापुढे चालणारी अक्षरं आणि ती नेमकी ११. चालणारी अक्षरं ६४ आहेत. कॅपिटल २६, स्मॉल २६, अंक १०, हायफन आणि अंडरस्कोर.

अकराच का? बिट म्हणजे ० किंवा १; ६४ पैकी एक अक्षर म्हणजे ६ बिट. आयडीमागे ६४ बिटांची संख्या आहे असं धरलं, तर १० अक्षरांत ६० बिट मावतात आणि ४ उरतात. अकराव्या अक्षराला ६ बिट हवेत, म्हणून उजवीकडे दोन शून्यं जोडली जातात. अक्षरांना वरच्याच क्रमाने ० पासून ६३ पर्यंत क्रमांक दिले, तर परिणामी त्या अक्षराचा क्रमांक नेहमी ४ च्या पटीत: ०, ४, ८... ६० पर्यंत. म्हणून शेवटी ६४ नव्हे, १६ च अक्षरं येतात: कॅपिटल ए, ई, आय, एम, क्यू, यू, वाय, स्मॉल सी, जी, के, ओ, एस, डब्ल्यू, आणि ०, ४, ८. किती सुंदर! शेवटचं अक्षर चुकलेल्या बऱ्याच लिंक या एका अटीवर गळतात. मात्र हा नियम निरीक्षणातून कळलेला आहे. उद्या बदलू शकतो.

साच्यात ‘बॅकस्लॅश डब्ल्यू’ ही अक्षरं-अंकांसाठीची तयार खूण लिहून भागत नाही. त्यात अंडरस्कोर येतो, हायफन येत नाही. पहिल्या दहा अक्षरांत कुठेतरी हायफन असण्याची शक्यता साधारण सातात एक, त्यामुळे दोन-चार लिंकवर तपासलं तर चूक दिसतही नाही. त्याऐवजी चालणारी अक्षरं चौकटी कंसात लिहा आणि हायफन शेवटी ठेवा. मध्ये ठेवला तर ‘इथपासून तिथपर्यंत’ असा अर्थ लागतो. लिंक सरसकट स्मॉल अक्षरांत बदलू नका, आयडीच बदलतो. अकरानंतर बारावं चालणारं अक्षर नाही ना, हेही तपासा.

हल्ली हे काम एआयवर सोपवायचा सल्ला मिळतो. अर्थहीन अक्षरांच्या माळेत एखादं अक्षर त्याच्याकडून सहज बदलू शकतं. साचा जे आहे तेच उचलतो.

टिकटॉकचा आयडी १९ अंकी असतो. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत तो संख्या म्हणून ठेवला तर शेवटचे अंक बदलतात, कारण ९,००७,१९९,२५४,७४०,९९२ च्या पुढे तिथे प्रत्येक पूर्णांक अचूक राहत नाही. तो मजकूर म्हणूनच साठवा. आणि टिकटॉकच्या छोट्या लिंकमध्ये हा आयडी नसतोच. ती उघडून मूळ पत्ता मिळवल्याशिवाय साचा लावून उपयोग नाही.