स्पंजी ब्रेक पेडल आणि 'पॅड बदला' हा गैरसमज

पुण्यात जुनी स्पोर्ट्स कार असलेल्या कुणालाही विचारा, ब्रेक पेडल स्पंजी, म्हणजे दाबताना मऊ, झालं की पहिला सल्ला येतो "पॅड संपले असतील, बदलून टाक". अहो, डिस्क ब्रेकचे पॅड झिजले की ते दाबणारा पिस्टन आपोआप पुढे सरकतो, ब्रेक ऑइलच्या टाकीतली लेव्हल थोडी खाली जाते, पण पेडल मऊ होत नाही!

मऊ होतं ते ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा शिरल्यामुळे. ब्रेक ऑइल दबत नाही, हवा दबते, म्हणून तुमचा पाय हवा दाबण्यातच खर्च होतो. दुसरं कारण जुने रबरी होज (नळ्या), ते दाबाने फुगतात, आणि हे बऱ्याच गॅरेजमध्ये कुणी बघतच नाही.

माझ्या एमजीबीचं (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) दोनदा ब्लीडिंग, म्हणजे लाइनमधली हवा काढणं, करूनही पेडल तसंच, शेवटी कळलं की कॅलिपर (पॅड आणि पिस्टन धरणारे भाग) डावे-उजवे उलटे बसवलेत, ब्लीड निपल (हवा सोडायचं तोंड) खाली आलेत आणि हवा तर वरच अडकते, मग निघणार कशी? शिवाय या गाडीचे मागचे ड्रम ब्रेक हाताने अ‍ॅडजस्ट करावे लागतात, ते सैल असले की पेडल खोल जातं, लोक त्यालाही स्पंजीच म्हणतात.

दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली गेलं आणि बाहेर कुठे गळती नसेल तर बहुतेक मास्टर सिलिंडरचे (पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणारा भाग) सील गेलेत.

आणि ऑइल दर 2 वर्षांनी बदलाच. डॉट 4 या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू नवीन असताना किमान 230 अंश, पाणी शोषल्यावर 155 पर्यंत येतो. सिंहगड उतरताना सतत ब्रेक दाबून ते उकळलं तर वाफ होते आणि पेडल थेट तळाला, त्यामुळे नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत पॅड शोधत फिरण्याआधी हे बघा.