सकाळच्या पहिल्या बारात एवढं काय असतं?

"तंबाखूशिवाय डोकंच चालत नाही बघ," हे वाक्य कोल्हापुरात तालमीच्या कट्ट्यापासून एसटी स्टँडपर्यंत कुठंही कानावर पडतं. निपाणी जवळच, तेव्हा मालाचा तुटवडा नाही. पण डोकं चालतं म्हणजे होतं काय?

सुरुवात तळहातावर होते. चंचीतली चिमूट, नखावर चुना, अंगठ्यानं मळायचं, टाळी मारून धूळ उडवायची आणि ओठाआड बार भरायचा. यातला चुना चवीपुरता नाही. पानातलं निकोटीन बरंचसं विद्युतभारित असतं आणि भारित रेणू तोंडाच्या नाजूक अस्तरातून सहज आत जात नाही. चुन्याच्या अल्कलीनं हा भार उतरतो, निकोटीन रक्तात शिरतं आणि तिथून मेंदूत.

मेंदूत अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या रेणू असतो. तो पेशीवरच्या रिसेप्टरला, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनांच्या जागेला, चिकटला की पाच प्रथिनांनी घेरलेली मधली वाट उघडते. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बरगे काढावेत तसे सोडियमचे आयन आत घुसतात आणि पेशी चेतवली जाते. काम झालं की एक एन्झाइम अ‍ॅसिटिलकोलीनचे क्षणात तुकडे करतं. निकोटीन त्याच जागी बसतं, पण या एन्झाइमला ते तोडता येत नाही. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण दोन तास लागतात. पेशीवर अशी 'ग्रहण करणारी' वस्तू असावी हा तर्क केंब्रिजच्या लँग्ली या शास्त्रज्ञानं 1905 मध्ये मांडला, तोही निकोटीनचेच प्रयोग करून!

मध्यमेंदूतल्या ज्या पेशी अशा चेतवल्या जातात, त्या डोपामिन हे रसायन सोडतात. 'हे पुन्हा हवं' ही नोंद तिथं होते. मात्र निकोटीन रेंगाळत राहिलं की रिसेप्टर आकार बदलतो: रेणू चिकटलेला, तरी वाट बंद. असे बंद पडणारे रिसेप्टर मुख्यतः अल्फा-4 बीटा-2 जातीचे असतात. नेहमीच्या निकोटीनमुळे त्यांची संख्याही वाढते. रात्रभरात निकोटीन ओसरतं, बंद पडलेले रिसेप्टर पुन्हा कामाला तयार होतात आणि हे वाढीव रिसेप्टर रिकामे बसतात. म्हणून सकाळी चिडचिड, लक्ष न लागणं. पहिला बार भरल्यावर जे 'टेन्शन' जातं, ते बहुतेक वेळा तंबाखूनंच रात्रीतून तयार केलेलं असतं.

भिंतीवर जाहिराती दिसतात: 'रुग्णाला न सांगता चहातून द्या, व्यसन सुटेल.' पुडीत काय आहे ते मात्र लिहिलेलं नसतं. असली पुडी कुणाच्या चहात टाकणं हा उपचार नव्हे, फसवणूक आहे, आणि ती जिवावरही बेतू शकते. याउलट, तंबाखू सोडण्यासाठीचं व्हॅरेनिक्लिन हे औषध काय करतं ते उघड माहीत आहे. ते याच रिसेप्टरवर बसतं, वाट अर्धवटच उघडतं आणि निकोटीनला जागा देत नाही. त्यामुळे तलफ सौम्य होते आणि बार भरला तरी पूर्वीची मजा येत नाही. काहींना मळमळतं, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं.