ओर्से : विजेने घडवलेलं, विजेनेच रिकामं केलेलं स्टेशन

पॅरिसचं ओर्से संग्रहालय म्हणजे जुनाट झालं म्हणून बंद पडलेलं स्टेशन, हा समज चुकीचा आहे. १९०० साली सुरू झालं तेव्हा हे स्टेशन काळाच्या पुढे होतं.

जागा सेन नदीच्या काठी, लूव्रच्या समोर. तिथवरचा शेवटचा सुमारे चार किलोमीटरचा मार्ग जमिनीखालून नेला होता, आणि बोगद्यात कोळशाचं इंजिन म्हणजे धुराने गुदमरणं. म्हणून हा मार्ग जिथे सुरू होई त्या ऑस्टरलित्झ स्टेशनात वाफेचं इंजिन काढून विजेचं जोडत. त्याला वीज मिळे रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, सुमारे ६०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. धूर नाही म्हटल्यावर वास्तुकार व्हिक्टर लालू यांनी १३८ मीटर लांब, ४० मीटर रुंद काचेचं दालन उभारलं आणि त्याला हॉटेल जोडलं. मात्र 'जगात पहिलं' वगैरे बिरुदं जपून वापरावीत. बाल्टिमोरच्या बोगद्यात विजेची इंजिनं १८९५ सालीच गाड्या ओढत होती.

खरी गंमत अशा इंजिनातल्या सीरिज मोटरची, म्हणजे जिच्या फिरत्या भागातून (आर्मेचर) आणि चुंबकाच्या स्थिर वेटोळ्यांतून (फील्ड) एकच प्रवाह जातो तिची. गाडी उभी असताना आर्मेचर फिरत नसतं, म्हणून फिरण्यामुळे मोटरीतच तयार होणारं, प्रवाहाला अडवणारं विरोधी व्होल्टेज शून्य आणि प्रवाह सर्वाधिक. तोच प्रवाह फील्डच्या वेटोळ्यांतूनही जातो, त्यामुळे पिळाचा जोर (टॉर्क) साधारण प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सर्वात जास्त ओढ हवी तेव्हाच ती मिळते. प्रवाह आवरला नाही तर वेटोळी जळतील, म्हणून सुरुवातीला रेझिस्टन्स लावतात आणि वेग वाढेल तसा टप्प्याटप्प्याने काढतात.

अडचण अंतराची: वीज लांब न्यायची तर कमी व्होल्टेजला प्रवाह जास्त लागतो आणि वाटेत वाया जाते. एक मेगावॉटसाठी ६०० व्होल्टला सुमारे १,६७० अँपिअर लागतात, १५०० व्होल्टला फक्त ६६७. तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे, म्हणजे सव्वासहापट कमी. १९२६ मध्ये पॅरिसच्या दक्षिणेला असलेल्या व्हिएर्झोन शहरापर्यंत १५०० व्होल्टचं विद्युतीकरण झालं. मुंबईत वर्षभर आधी, १९२५ मध्ये, पहिली विजेची लोकल धावली ती याच व्होल्टेजवर. ताकदवान इंजिनांमुळे गाड्या लांबल्या आणि ओर्सेचे फलाट आखूड पडले. वर शहर, बाजूला नदी, वाढवणार कुठे? १९३९ पासून तिथे फक्त उपनगरी गाड्या उरल्या.

पुढे इमारत पाडून हॉटेल बांधायचं घाटत होतं. पण १९७१ मध्ये पॅरिसच्या ले आल या जुन्या बाजाराचे मंडप पाडल्यावर लोक भडकले होते. १९७३ मध्ये ओर्सेला संरक्षण मिळालं, १९७८ मध्ये वारशाचा पूर्ण दर्जा, आणि डिसेंबर १९८६ मध्ये संग्रहालय उघडलं. तळघरातून आरईआर सी या पॅरिसच्या उपनगरी मार्गाच्या लोकल आजही धावतात. तिसरा रूळ गेला. वीज आता डोक्यावरच्या तारेतून येते, १५०० व्होल्टची.