धुण्यात कपडे नेमके कशाने झिजतात?

टॉप लोड मशीनची सवय असलेला माणूस फ्रंट लोडची पहिली धुलाई पाहतो तेव्हा त्याला हमखास शंका येते: पाणी येतंय ना? काचेच्या दारातून ओले कपडे गरगरताना दिसतात, तळाशी थोडंसं पाणी चमकतं आणि फेस जेमतेम असतो. आमच्याकडे नवीन मशीन आलं तेव्हा मीही बराच वेळ त्या काचेसमोर बसून होते. कपडे वर जात होते, थबकत होते आणि धप्पकन खाली पडत होते. या मशीनचं सगळं काम त्या पडण्यातच आहे, आणि कपडे सांभाळून धुवायचे असतील तर आधी ते समजून घ्यायला हवं.

फ्रंट लोडचा ड्रम आडव्या आसावर फिरतो. त्याच्या आतल्या भिंतीवर काही उंचवटे असतात. ते कपड्यांना उचलून वर नेतात आणि एका उंचीवर गुरुत्वाकर्षण त्यांना खाली खेचतं. ड्रमचा व्यास साधारण 50 सेंटिमीटर धरला, तर मिनिटाला सुमारे 60 फेऱ्यांच्या वेगाला कपडे भिंतीला चिकटून राहतील, पडणारच नाहीत. म्हणून धुण्याच्या वेळी वेग त्याहून थोडा कमी ठेवलेला असतो. प्रत्येक वेळी पडताना ओला कपडा दाबला जातो आणि त्यातलं साबणाचं पाणी विणीतून आरपार ढकललं जातं. टॉप लोडमध्ये कपडे भरपूर पाण्यात तरंगत राहतात आणि खालच्या चकतीच्या हिसक्यांनी एकमेकांवर घासतात. फ्रंट लोडमध्ये घासणं कमी, आपटणं जास्त. पाणी कमी लागण्याचं कारणही हेच: कपडे बुडवण्याची गरज नसते, नीट भिजवले की पुरतं.

एवढं कळलं की भरण्याचा नियम आपोआप सुचतो. ड्रम ठासून भरला तर कपड्यांना पडायला जागाच उरत नाही. एकच जाड टॉवेल टाकला तर वजन एका बाजूला साचतं. कपडे सैल टाकल्यावर वरच्या बाजूला हात आडवा जाईल इतकी मोकळी जागा राहिली पाहिजे. नाजूक कपड्यांसाठी ड्रम निम्म्याहूनही कमी भरायचा. फेसाचंही तेच. फार फेस झाला की पडणाऱ्या कपड्याचा धक्का तोच शोषून घेतो. कपडे स्वच्छ निघत नाहीत, विसळणं लांबतं आणि साबणाचा अंश विणीत राहून कापड कडक लागतं. फ्रंट लोडसाठी वेगळं, कमी फेसाचं डिटर्जंट वापरा असं सांगतात ते याचसाठी. फेस म्हणजे सफाई नव्हे. सफाई करतात ते डिटर्जंटचे रेणू. त्यांचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकट मळाला. फेस नसला तरी ते आपलं काम करतात.

1959 साली हेनकेल या जर्मन कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी धुण्याचं गणित एका वर्तुळात मांडलं. वर्तुळाचे चार वाटे: रसायन, यांत्रिक बळ, तापमान आणि वेळ. एक वाटा कमी केला तर तेवढीच भर दुसऱ्या कुणीतरी घालावी लागते. पाणी थंड ठेवलंत तर वेळ वाढवा किंवा डिटर्जंट जास्त चांगलं घ्या. आपटणं कमी केलंत तर आधी भिजत घाला. नव्या मशीनचा ‘इको’ कार्यक्रम तीन-तीन तास का चालतो, या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. तो तापमान कमी ठेवतो आणि त्याची भरपाई वेळेने करतो.

यात बचत किती होते हे घरच्या घरी काढता येतं. 10 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला जवळपास 0.46 युनिट वीज लागते. 30 अंशांपर्यंतच तापवलं तर 0.12 युनिटात भागतं. गरम पाण्याच्या धुलाईत विजेचा मोठा हिस्सा ड्रम फिरवण्यात नाही, पाणी तापवण्यात जातो. त्यामुळे मशीन जास्त वेळ चालतं म्हणजे वीज जास्त खातं, हा समज इथे लागू पडत नाही.

कपड्यांच्या दृष्टीने मला या वर्तुळातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो हा, की प्रत्येक धाग्याला वेगळा वाटा सोसत नाही. ‘नाजूक’ हा शब्द आपण सगळ्यांसाठी एकाच अर्थाने वापरतो आणि गडबड तिथेच होते.

लोकर घ्या. लोकरीच्या तंतूवर माशासारखे खवले असतात, सगळे एकाच दिशेला झुकलेले. ओल्या, कोमट आणि साबणाच्या पाण्यात तंतू हलले की ते एका दिशेने सहज सरकतात, पण उलट दिशेने फिरताना खवले अडतात. हलत राहिलं की तंतू एकमेकांत अडकत जातात, सुटत नाहीत. स्वेटर आटतो, जाड होतो आणि मग कितीही ताणला तरी मूळ मापावर येत नाही. म्हणजे लोकरीचा शत्रू मुख्यतः हालचाल आहे, उष्णता तिला साथ देते. लोकरीच्या कार्यक्रमात ड्रम थोडासा डुलतो आणि मग बराच वेळ थांबतो, तो याच कारणाने. तो थांबलेला पाहून मशीन बिघडलं असं समजू नये.

व्हिस्कोस किंवा रेयॉनची गोष्ट निराळी. सुती धागा भिजला की उलट थोडा बळकट होतो, म्हणूनच तो घासणं, आपटणं, पिळणं सहन करतो. व्हिस्कोसही मूळचा सेल्युलोजच, पण भिजल्यावर त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कोरडा असताना ठणठणीत वाटणारा व्हिस्कोसचा शर्ट ओला असताना पिळला तर शिवणीपाशी विरू शकतो. पॉलिएस्टरला ओलाव्याचं काहीच वाटत नाही. मात्र 70 अंशांच्या आसपास त्याची आतली रचना सैल होते, आणि त्या अवस्थेत चुरगळलेला कपडा एकदम गार झाला की घड्या तशाच बसतात. ताणाच्या कपड्यांतला इलॅस्टेन वारंवारच्या उष्णतेने दमतो आणि कमरेचा ताण ढिला पडतो. एकाच ढिगातल्या चार कपड्यांच्या या चार वेगळ्या तक्रारी, आणि सगळ्यांसाठी एकच कळ दाबून त्या मिटत नाहीत.

रसायनाचा वाटा वाढवूनही काही कपड्यांचं नुकसान होतं. डिटर्जंटमध्ये एन्झाइम, म्हणजे विकर, घालण्याची कल्पना जुनी आहे. 1913 मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ ओट्टो र्‍योम यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातली पाचक विकरं धुण्यासाठी वापरण्याचं पेटंट घेतलं. आज ही विकरं सूक्ष्मजीवांपासून बनवतात. प्रोटिएज रक्त, घाम, दूध अशा प्रथिनांचे डाग तोडतं, अमायलेज पिष्टाचे, लायपेज तेला-तुपाचे. सेल्युलेज हे मला विशेष आवडतं. सुती कापडावर वर आलेले बारीक तंतू ते कुरतडून काढतं, त्यामुळे गोळे कमी येतात आणि विटलेला रंग पुन्हा उजळ दिसतो. ही सगळी मंडळी साध्या कोमट पाण्यातही चांगली काम करतात. कमी तापमानात कपडे धुता येऊ लागले, याचं मोठं श्रेय त्यांचं. पण प्रोटिएजला डाग आणि कापड यांतला फरक कळत नाही. रेशीम आणि लोकर ही दोन्ही प्रथिनंच. अशा कपड्यांना प्रोटिएज नसलेलं द्रव डिटर्जंट हवं, आणि ते डब्यावर लिहिलेलं असतं. पांढऱ्या सुती कपड्यांना आणि टॉवेलांना मात्र पावडर बरी. चांगल्या पावडरीत ऑक्सिजन सोडणारा विरंजक असतो, तो द्रव डिटर्जंटमध्ये सहसा नसतो.

आता स्पिनबद्दल. लोक सर्वांत जास्त घाबरतात ते त्याला. 50 सेंटिमीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला 1200 फेरे घेतो तेव्हा भिंतीशी असलेल्या कपड्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 400 पट जोर येतो. 600 फेऱ्यांना तो 100 पट असतो. वेग निम्मा केला की जोर चौथाईवर येतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. आकडे भीतीदायक वाटतात, पण या वेळी कपडे भिंतीला घट्ट चिकटलेले असतात आणि एकमेकांवर घासत नाहीत. स्पिनने धागा फारसा विरत नाही. घड्या मात्र कडक बसतात आणि जड, सैल विणीचे कपडे ताणले जातात. म्हणून शर्ट आणि कृत्रिम धाग्यांच्या कपड्यांना 600 ते 800, स्वेटरला त्याहूनही कमी, आणि टॉवेल-चादरींना बिनधास्त वरचा वेग. टॉवेलात जितकं कमी पाणी उरेल तितका तो लवकर वाळेल, आणि लवकर वाळणं वासासाठी किती मोलाचं आहे ते पुढे येतंच.

एवढा जोर फिरवायचा म्हणजे तोल हवा. अमेरिकेत 1937 मध्ये बेंडिक्स कंपनीने घरगुती स्वयंचलित मशीन दाखवलं. तेही समोरूनच उघडणारं होतं, आणि ते इतकं थरथरायचं की जमिनीत बोल्टने घट्ट बसवावं लागे. आजच्या मशीनमध्ये टाकीला काँक्रीट किंवा लोखंडाची जड वजनं जोडलेली असतात आणि ती टाकी स्प्रिंगांवर आणि धक्के शोषणाऱ्या दांड्यांवर लोंबकळते. प्रवासात ती हलू नये म्हणून मागच्या बाजूने लांब बोल्ट लावून येतात. ते काढल्याशिवाय मशीन कधीही चालू करू नये, पहिलं नुकसान तिथेच होतं. स्पिनच्या आधी ड्रम हळूहळू इकडे-तिकडे फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. तेव्हा तो कपडे पसरवून तोल जमतो का ते पाहत असतो.

‘डेलिकेट’ या कळीकडे वळायला हवं, कारण याविषयीचं एक संशोधन वाचून माझी सवयच बदलली. कृत्रिम कपड्यांतून प्रत्येक धुण्यात बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्यातून नदी-समुद्रापर्यंत पोचतात. ब्रिटनमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या 2016 च्या अभ्यासात 6 किलो अॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुलाईतून 7 लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात असं आढळलं. साहजिकच वाटतं, की हळुवार कार्यक्रम लावला तर कमी सुटतील. 2019 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासलं आणि पॉलिएस्टरच्या बाबतीत उत्तर उलट निघालं. नेहमीच्या कार्यक्रमापेक्षा डेलिकेट कार्यक्रमात सरासरी 8 लाख तंतू जास्त सुटले. कारण पाणी. डेलिकेट कार्यक्रम आपटणं कमी करतो आणि त्या बदल्यात पाणी वाढवतो. ते जास्तीचं पाणी विणीतून वाहताना सुटे तंतू उपसून नेतं.

म्हणजे हळुवार कार्यक्रम वाईट का? अजिबात नाही. रेशमाला, लेसला, व्हिस्कोसला तो हवाच. पण धडधाकट पॉलिएस्टरचा टी-शर्ट किंवा फ्लीसचं जाकीट केवळ काळजीपोटी त्यात घालण्यात काही अर्थ नाही. त्यांच्यासाठी थंड पाणी, छोटा कार्यक्रम आणि बऱ्यापैकी भरलेला ड्रम हे जास्त बरं. लीड्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात 25 अंशांची अर्ध्या तासाची धुलाई 40 अंशांच्या 85 मिनिटांच्या धुलाईशी ताडून पाहिली. छोट्या, थंड धुलाईत रंगही कमी गेला आणि तंतूही कमी सुटले. गडद रंगाच्या कपड्यांसाठी मी आता हाच मार्ग धरते. ते उलटे करून, चेन आणि हुक लावून टाकते. रंग विटल्यासारखा दिसतो त्यात खरोखर गेलेल्या रंगाइतकाच, पृष्ठभागावर उभ्या राहिलेल्या घासलेल्या तंतूंचाही हात असतो. कपडा उलटा असला की ते घासणं आतल्या बाजूला होतं.

थंड धुण्याला एक मर्यादा आहे, ती म्हणजे जिवाणू. ओलसर राहिलेल्या कपड्यांना जो कुबट वास येतो, त्यामागचा एक मुख्य जिवाणू मोराक्सेला ऑस्लोएन्सिस हा असल्याचं जपानी संशोधकांनी 2012 मध्ये दाखवलं. तो वाळलेल्या कापडातही तग धरून राहतो आणि पुन्हा ओल मिळाली की वासाचं आम्ल तयार करू लागतो. म्हणून एकदा वास धरलेला टॉवेल धुऊन वाळवला तरी अंग पुसताच पुन्हा वास मारतो. असे टॉवेल, अंथरुणाच्या चादरी आणि आजारी माणसाचे कपडे 60 अंशांवर, पावडर घालून धुवावेत. टॉवेलांना सॉफ्टनर घालू नये. त्याचा पातळ थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी कमी टिपतो.

नेहमी थंड धुलाई केली की मशीनच्या आतही चिकट थर साचतो. त्याची आवडती जागा म्हणजे दाराभोवतीच्या रबराची खालची घडी, आणि दुसरी डिटर्जंटचा खण. घडी कोरड्या फडक्याने पुसावी, खण अधूनमधून पूर्ण बाहेर काढून धुवावा, आणि महिन्यातून एकदा तरी 60 अंशांची धुलाई करावी. धुणं संपल्यावर दार लगेच उघडलं नाही तर ओढू नये. अनेक मशीनच्या कुलुपात दोन धातूंची जोडपट्टी असते, ती गरम असेपर्यंत दार बंद ठेवते आणि गार व्हायला मिनिटभर घेते. कपडे तेव्हाच काढून झटकून वाळत घालावेत. नंतर दार आणि खण थोडे उघडे ठेवावेत, म्हणजे आतली ओल जाते. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर दाराची फट बोटभरच राहील अशी सोय करावी, आणि पुढच्या वेळी कपडे टाकण्याआधी ड्रममध्ये एकदा हात फिरवून पाहावा.