व्रणशोधन साधने

जखमेतील पू, मृत ऊतक, माती व परकीय कण काढून टाकणे आणि जखम भरून येण्यास अनुकूल स्थिती राखणे यांसाठी वापरली जाणारी उपकरणे. साध्या पिचकारीपासून विजेवर चालणाऱ्या शोषण पंपापर्यंतची साधने यांत मोडतात. यांतले कोणतेही साधन स्वतः जखम भरून आणत नाही. भरून येण्याच्या आड येणाऱ्या गोष्टी ते दूर करते. टाके घालण्याची व अस्थिभंग स्थिर करण्याची साधने येथे विचारात घेतलेली नाहीत.

प्राचीन साधने : सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणाचे साठ उपक्रम दिले आहेत. धुणे, लेप, बंधन यांची सविस्तर चर्चा तेथे येते. साधनांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा उल्लेख त्याच स्थानाच्या पस्तिसाव्या अध्यायात आहे. व्रणासाठीची नळी (व्रणनेत्र) आठ अंगुळे लांब व मुगाचा दाणा जाईल एवढ्या छिद्राची असावी, असे तेथे म्हटले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात (सूत्रस्थान, अध्याय २५) नाडीव्रणात (खोल, अरुंद नळीसारख्या जखमेत) तेल सोडण्यासाठी व तो धुण्यासाठी दोन यंत्रे सांगितली आहेत. त्यांची लांबी सहा अंगुळे, आकार बस्तियंत्रासारखा (एनिमाच्या साधनासारखा), मुळाशी छिद्र अंगठ्याएवढे तर टोकाशी वाटाण्याएवढे. टोकाला कर्णिका (कंगोरा) नाही आणि मुळाशी मऊ चामडे बांधलेले. अंगुळाचे मान सुमारे दोन सेंमी. धरले, तर ही नळी साधारण १२ सेंमी. भरते. सुश्रुताची नळी लांब पण बारीक छिद्राची, वाग्भटाची आखूड पण रुंद छिद्राची. हा फरक परंपराभेदाचा की पाठभेदाचा, याविषयी मते वेगळी आहेत. कर्णिका वगळण्याची सूचना मात्र प्रत्यक्ष वापरातून आलेली दिसते. बस्तियंत्रात नळी ठराविक खोलीपलीकडे जाऊ नये म्हणून हा कंगोरा असतो, अरुंद नाडीव्रणात तो अडथळाच ठरला असता.

या ग्रंथांचा काळ निश्चित नाही. सुश्रुताला इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेणारे मत जुने आहे. उपलब्ध संहिता अनेक थरांची असून तिला आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आयुर्वेदाच्या आठ अंगांचा कोणी अलीकडेच संक्षेप केल्याचे इ-त्सिंग या चिनी प्रवाशाने सातव्या शतकाच्या अखेरीस नोंदविले आहे. हा उल्लेख वाग्भटाचा मानावा काय, आणि तसे असल्यास तो अष्टांगसंग्रहाचा कर्ता की अष्टांगहृदयाचा, यावर बराच वाद झाला आहे. अष्टांगहृदय सामान्यतः सातव्या शतकाच्या आसपासचे धरतात.

शृंग (तोंडाने ओढून) व अलाबू (आत दिवा पेटवून) ही रक्त शोषून घेण्याची साधने आजच्या ऋणदाब उपचाराची (जखमेवर वातावरणापेक्षा कमी दाब ठेवून स्राव ओढण्याच्या पद्धतीची) पूर्वज असल्याचे काही आधुनिक लेखक सांगतात. शोषणाचे तत्त्व दोन्हीकडे आहे, हे खरे. परंतु शृंग व अलाबू थोडा वेळ लावून दूषित रक्त काढण्यासाठी होती. उघडी जखम हवाबंद करून दिवसचे दिवस स्राव ओढत राहण्याची कल्पना त्यांत नाही. त्यामुळे हे नाते दूरचेच मानावे लागते.

प्रक्षालन : पहिल्या महायुद्धात अलेक्सिस कॅरेल व हेन्री डेकिन यांनी जखमेत रबरी नळ्या ठेवून सुमारे ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा द्राव ठराविक अंतराने सोडण्याची पद्धत रूढ केली. प्रतिजैविके येण्यापूर्वीची ही सर्वांत परिणामकारक पद्धत समजली जाते. पुढे वाद झाला तो दाबाविषयी. ३५ मिलि. पिचकारीला १९ गेजची सुई लावली की चौरस इंचास सुमारे ८ पौंड दाब मिळतो, असे पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ छापले गेले. ४ ते १५ पौंड ही मर्यादा सुरक्षित मानली जाई. त्याहून कमी दाबाने जंतू निघत नाहीत आणि जास्त दाबाने ते ऊतकात खोल जातात, अशी त्यामागची उपपत्ती होती. उघड्या अस्थिभंगाच्या सुमारे २,४५० रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतातील केंद्रेही तिच्यात होती. अगदी कमी, कमी व जास्त दाबाने धुतलेल्या जखमांत पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याचे प्रमाण जवळपास सारखेच आढळले. साबणाच्या द्रावापेक्षा साधे सलाइन सरस ठरले. म्हणजे उंचावर टांगलेली सलाइनची बाटली आणि महागडे स्पंदित फवारा यंत्र यांत रुग्णाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

ऋणदाब साधने : जखमेत ४०० ते ६०० मायक्रॉन छिद्रांचा पॉलियुरेथेन स्पंज बसवतात, वरून पारदर्शक चिकट पापुद्रा लावतात आणि नळीवाटे पंपाने हवा ओढतात. दाब बहुधा वातावरणापेक्षा १२५ मिमी. (पारा) कमी ठेवतात. हा आकडा लुईस अर्जेन्टा व मायकेल मोरिक्वास यांच्या १९९७ मधील लेखांमुळे रूढ झाला. त्याचा आधार डुकरांवरील प्रयोग होता. शोधाचे श्रेय मात्र वादग्रस्त आहे. १९८० च्या दशकातील सोव्हिएत लेख, अमेरिकेतील चॅरिकर व सहकाऱ्यांची गॉज वापरणारी पद्धत (१९८९) आणि जर्मनीतील फ्लायशमान यांचे काम (१९९३) त्याआधीचे असून एकस्वाच्या (पेटंटच्या) खटल्यांत त्यांचे दाखले दिले गेले. कल्पना अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली व बाजारात एका रूपाने आली, असे म्हणणे रास्त ठरेल.

परिणामांविषयी पुरावा मिश्र आहे. मधुमेहामुळे पायाचा काही भाग कापावा लागलेल्या १६२ रुग्णांच्या चाचणीत (२००५) या उपचाराने ५६ टक्के, तर नेहमीच्या ड्रेसिंगने ३९ टक्के जखमा भरल्या. पायाच्या गंभीर उघड्या अस्थिभंगाच्या ४६० रुग्णांत (२०१८) मात्र एका वर्षानंतर ऋणदाबाचा व नेहमीच्या ड्रेसिंगचा असे दोन्ही गट सारखेच राहिले.

इतर साधनांत पाण्याच्या सूक्ष्म झोताने मृत ऊतक कापणारी यंत्रे, श्राव्यातीत तरंगांची (अल्ट्रासाउंड) उपकरणे व मृत ऊतक खाणाऱ्या, निर्जंतुक केलेल्या माशीच्या अळ्या येतात. तळपायाच्या व्रणावरील भार वाटून देणारे पूर्णस्पर्शी प्लास्टर कुष्ठरोगाच्या उपचारातून मधुमेहाकडे आले.

सातारा-सांगली परिसर : विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केल्यापासून या भागातील शल्योपचाराचे केंद्र मिरज राहिले. १९६२ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. येथील जखमांचे स्वरूप शेतीशी बांधलेले आहे. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांना डाव्या हाताच्या बोटांवर वा नडगीवर कोयता लागतो, पाचटाने पाय कापतात. कृष्णेच्या २००५, २०१९ व २०२१ च्या पुरांसारख्या काळात घाण पाण्यात उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मधुमेही पायात त्याच चिघळतात. फडातच जखमेवर हळद किंवा चहापूड दाबण्याची रीत आहे. सांगली ही हळदीची पेठ असल्याने तिचे नवल नाही, पण दवाखान्यात पहिले काम ती पूड धुऊन काढण्याचे असते. चिकटलेले गॉज सलाइनने भिजवून, कडेकडेने सोडवून काढतात. कोरडे ओढले तर नवे लाल ऊतकही सोबत निघते. काढलेल्या गॉजवर हिरवट डाग व गोडसर वास असेल तर स्यूडोमोनास जंतूंचा संशय घेतात.

आयात पंप परवडत नाही तेथे स्पंज, रायल्स ट्यूब (एरवी नाकावाटे जठरात घालायची नळी), चिकट पापुद्रा व वॉर्डातील सक्शन मशीन यांची जुळणी करतात. अशा जुळणीत दाबावर नेमके नियंत्रण राहत नाही, हा तिचा मुख्य दोष. वीज गेली की दुसरा उद्भवतो. शोषण दोन तासांहून अधिक काळ बंद राहिल्यास बंद स्पंजात जंतू वाढतात, म्हणून ड्रेसिंग उतरवावे लागते. उघड्या पडलेल्या रक्तवाहिनीवर, कर्करोगाच्या व्रणावर आणि मृत ऊतक न काढलेल्या जखमेवर ऋणदाब लावत नाहीत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत नळीतील स्राव लाल होतो का, यावर नजर ठेवतात.

भारतात ही साधने वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खाली येतात. हे नियम १ जानेवारी २०१८ पासून अंमलात आले. उपकरणांचे धोक्याच्या चढत्या क्रमाने चार वर्ग त्यांत केले आहेत.