किरणोत्सर्गी सांडपाण्याचे पटल-गाळण

अणुभट्ट्या, इंधन-पुनर्प्रक्रिया केंद्रे इत्यादींच्या सांडपाण्यातील किरणोत्सर्गी द्रव्ये अर्धपार्य पटलाने (पाणी जाऊ देणाऱ्या, पण विरघळलेली द्रव्ये अडवणाऱ्या पातळ पडद्याने) वेगळी करण्याची रीत. तिने किरणोत्सर्ग घटत नाही; तो थोड्या द्रवात एकवटतो. कोल्हापुरातील घरोघरच्या आर.ओ. (व्यस्त परासरण; दाबाने पाणी पटलातून ढकलून गाळणाऱ्या) यंत्रातून बाहेर पडणारे खारे पाणी मोरीत जाते. येथे मात्र तोच संहत (दाट झालेला) द्राव जपावा लागतो. तो सामान्यतः सिमेंटमध्ये बद्ध करतात.

आर.ओ.च्या पटलाचे जनकत्व वादग्रस्त आहे. रीड व ब्रेटन या संशोधकांनी १९५९ च्या सुमारास सेल्युलोज ॲसिटेटचे पटल मीठ अडवते हे दाखवले, परंतु त्यातून पाणी फार सावकाश झिरपे. लोब व सौरीराजन यांनी पातळ त्वचा व सच्छिद्र आधार असलेले असममित पटल तयार करून हा वेग सुमारे दहापट वाढवला. या शोधाचे वर्ष कोणी १९५९, कोणी १९६०, तर कोणी १९६३ देतात. व्यावहारिक पटलाचे श्रेय या जोडीला देणे अधिक सयुक्तिक वाटते.

पाणी पटलातून कसे जाते, याविषयीही मतभेद आहेत. सौरीराजन यांनी सूक्ष्म केशिकांतून होणारा प्रवाह मानला. लॉन्सडेल, मर्टन व रायली यांच्या १९६५ च्या मांडणीनुसार पाणी पटलात विरघळून विसरित होते, म्हणजे रेणूरेणूने पसरत पलीकडे जाते. हे दुसरे मत पाठ्यपुस्तकांत रूढ झाले, तरी २०२३ मधील संशोधनाने छिद्रप्रवाहाची बाजू पुन्हा बळकट केली आहे.

अतिगाळणाच्या (आर.ओ.पेक्षा मोठ्या छिद्रांच्या पटलाने गाळण्याच्या) छिद्रांतून विरघळलेला किरणोत्सर्गी सिझियम सहज निसटतो. म्हणून तो आधी कॉपर फेरोसायनाइडच्या अवक्षेपावर (पाण्यात न विरघळणाऱ्या बारीक कणांवर) धरतात व मग ते कण गाळतात. स्ट्राँशियमचे द्विसंयुज (दोन विद्युतभारांचे) आयन नॅनोगाळणाने (अतिगाळणापेक्षा बारीक छिद्रांच्या पटलाने) बरेच अडतात. ट्रिटियम (किरणोत्सर्गी हायड्रोजन) मात्र पाण्याच्या रेणूचाच भाग असल्याने कोणत्याही पटलाला दाद देत नाही. जपानच्या फुकुशिमा अणुवीजकेंद्रातील शुद्ध केलेल्या पाण्यात तो म्हणूनच उरला. तीव्र किरणोत्सर्गाने बहुवारिक (प्लास्टिकसारख्या पदार्थाची) पटले खराब होत असल्याने ही रीत मुख्यतः अल्प-सक्रिय (कमी किरणोत्सर्गी) सांडपाण्यासाठी वापरतात.

कोल्हापूर जिल्ह्यात अणुवीजकेंद्र नाही. अशा शहरांत किरणोत्सर्गी सांडपाण्याचा संबंध मुख्यतः अणुवैद्यकाशी (किरणोत्सर्गी द्रव्यांनी निदान व उपचार करण्याशी) येतो. अवटु (थायरॉइड) ग्रंथीच्या कर्करोगावर दिलेले आयोडीन-१३१ रुग्णाच्या मूत्रातून बाहेर पडते. त्याचे अर्धायुष्य (सक्रियता निम्मी होण्यास लागणारा काळ) सुमारे ८ दिवसांचे असल्याने पटलाऐवजी साठवण टाकी पुरते. ८० दिवसांत सक्रियता जवळजवळ सहस्रांशावर येते. कोल्हापूरजवळून वाहणाऱ्या पंचगंगेचे पाणी काठची गावे पितात, म्हणून हे दिवस टाकीतच जाणे अगत्याचे आहे.